मेहर, दूधबहीण आणि लेकीचा अभ्यास

दहावी झालेल्या मुलीबद्दल आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, सायन्स की कॉमर्स? तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मस्कतहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आलो, तेव्हा भेटेल त्याने मला हाच प्रश्न विचारला. मी सांगायची, "ती मानवशास्त्र घेतेय." कोणी म्हणे, म्हणजे माणसांची डॉक्टर का? कोणी म्हणे, हाडं आणि माकडं यांचा अभ्यास तो हाच ना? एका मामूंनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "बेटी, यात नोकरी आहे का?"

त्या वेळी मलाही नीट सांगता येत नव्हतं. आता दोन वर्षांचा तिचा अभ्यास जवळून पाहिल्यावर सांगू शकते. तो अभ्यास आमच्या माजघरात शिरला, म्हणून त्याबद्दल लिहावंसंही वाटतं.

आखातातल्या काही शाळांमध्ये अकरावी-बारावीच्या जागी इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. १९६८ मध्ये जिनिव्हात ही संस्था सुरू झाली. मुलं सहा विषय घेतात. सहसा तीन वरच्या पातळीवर आणि तीन साध्या पातळीवर. शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र निबंध असतो. या सहांपैकी समाजविषयक गटात इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल यांच्या जोडीला सामाजिक आणि सांस्कृतिक मानवशास्त्रही घेता येतं. हाडं-माकडं त्यात नाहीत. माणसं एकमेकांबरोबर कशी राहतात, कोणाला आपलं म्हणतात, काय देतात-घेतात, कशाला मान देतात, हे त्यात शिकवतात.

पाठांतराची सवय असलेल्या मला त्यांचा अभ्यासक्रम पाहून नवल वाटलं. त्याच्या मुळाशी सहा मोठे प्रश्न आहेत. संस्कृती म्हणजे काय? माणूस असणं म्हणजे काय? समाजात राहणं म्हणजे काय? आपण एकमेकांसारखे कुठे आणि वेगळे कुठे? या शास्त्राचा उपयोग काय? आणि शेवटचा प्रश्न, दुसऱ्या माणसाला आपण कितपत ओळखू शकतो? सोळा वर्षांच्या मुलांपुढे हे प्रश्न ठेवायचे आणि उत्तर आयतं द्यायचं नाही, अशी ती पद्धत.

पहिल्याच सत्रात ती ट्रोब्रियांड बेटांची गोष्ट घेऊन घरी आली. न्यू गिनीच्या पूर्वेला ही बेटं आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्स्की नावाचा अभ्यासक तिथे तंबू ठोकून राहिला, त्या लोकांची भाषा शिकला आणि १९२२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तिथले लोक होड्यांतून दूरच्या बेटांवर जातात. लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने. ती कोणी कायमची ठेवून घेत नाही. काही दिवस मिरवायची आणि पुढच्याला द्यायची. त्या देण्याघेण्यातून बेटाबेटांत दोस्ती टिकते.

ऐकता ऐकता मी म्हटलं, "अगं, ही तर आपली आहेराची वही." आपल्याकडे लग्नात कोणी किती आहेर केला ते वहीत लिहितात आणि त्यांच्या घरच्या लग्नाला त्याहून थोडा जास्त परत करतात. रक्कम फिटत नाही आणि फिटू द्यायचीही नसते, कारण फिटली की येणं-जाणं संपलं. लेक माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने आमच्या वहीबद्दल सांगितलं.

तिच्या अब्बांना मात्र वेगळी काळजी होती. ते स्वभावाने शांत आहेत, पण एका रात्री त्यांनी मला स्पष्ट विचारलं, "अल्लाहचा दीन आणि बेटावरच्या लोकांची रीत एकाच पारड्यात घालायला शिकवणार असतील, तर मुलीच्या मनात काय उरेल?" प्रश्न खरा होता. मीही तो टाळला नाही. पालकसभेत त्यांनी तोच प्रश्न शिक्षिकेला विचारला. त्या म्हणाल्या की आमचा विषय कोणाचा धर्म खरा-खोटा ठरवत नाही. लोक काय मानतात, काय बोलतात आणि प्रत्यक्षात काय करतात हे आम्ही वेगवेगळं पाहायला शिकवतो. समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे.

हे उत्तर यांना पूर्ण पटलं नाही. पण मग त्यांनी स्वतःच वाचायला घेतलं. अल-बिरुनीबद्दल त्यांनी शाळेत फक्त नाव ऐकलं होतं. आता कळलं की हजार वर्षांपूर्वी तो हिंदुस्थानाबद्दल लिहिण्यासाठी संस्कृत शिकला, पंडितांशी बोलला आणि १०३० च्या सुमारास त्याने जो ग्रंथ पुरा केला त्यात हिंदूंचं म्हणणं हिंदूंच्या बाजूने जसं आहे तसं मांडायचं, वाद घालायचा नाही, असं ठरवलं. आजचे काही अभ्यासक त्याला पहिला मानवशास्त्रज्ञ म्हणतात. त्याचा ईमान त्यामुळे कुठे गेला नाही. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ मध्ये मुकद्दिमा लिहिला. टोळ्या एकजुटीने राज्य मिळवतात आणि शहरी सुखात ती एकजूट सैल होऊन ते गमावतात, हे त्याने त्यात तपासलं. सूरह हुजुरातमध्ये माणसांचे वेगवेगळे समूह आणि कबिले कशासाठी केले ते सांगितलं आहे, एकमेकांना ओळखावं म्हणून. हे म्हणाले, "ओळखायचं तर आधी विचारावं लागतं. शिकू दे तिला."

पुढे नातेसंबंधांचा पाठ आला. यात घराण्याचा तक्ता काढतात. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी गोल, लग्नासाठी बरोबरचं चिन्ह, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. जमिनीवर मोठा कागद पसरून बापलेक रात्री उशिरापर्यंत बसले. चार पिढ्यांत कागद पुरेना. आमच्यात चुलत-मामे भावंडांची लग्नं झालेली, त्यामुळे एकच बाई दोन वाटांनी नात्यात येई आणि रेघा एकमेकींना छेदत जात. इंग्रजीत अंकल आणि आंटी एवढे दोनच शब्द. आपल्याकडे चाचा वेगळे, मामू वेगळे, खालू वेगळे, फुफा वेगळे. मराठीतही काका, मामा, आत्या, मावशी हे वेगळेच. आईच्या बाजूचं नातं कोणतं आणि बापाच्या बाजूचं कोणतं, हे आपली भाषा हाकेतच सांगते. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून भारतातल्या नात्यांच्या रचनेवर काम केलं आणि १९५३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्या मातीतली ही बाई या शास्त्रात एवढी मोठी आहे, हे मला मुलीच्या अभ्यासामुळे कळलं.

तक्ता काढताना एका नात्याला चिन्हच सापडेना. यांची एक दूधबहीण आहे. यांच्या जन्मानंतर सासूबाई फार आजारी होत्या, तेव्हा शेजारच्या घरच्या बाईंनी यांना आपल्या मुलीबरोबर अंगावर पाजलं. ती मुलगी म्हणजे यांची बहीण. तिच्याशी यांचं लग्न होऊ शकलं नसतं, सूरह निसामध्येच तसं आहे. ईदला तिचा मान सख्ख्या बहिणीचा. ती यांच्यासमोर मोकळेपणाने वावरते. पण रक्ताचं नातं नाही, लग्नाचंही नाही. मग रेघ कशी काढायची? लेकीने तुटक रेघ काढली आणि शिक्षिकेला विचारलं. त्यांनी तिला सोराया अल्तोर्की यांचा लेख वाचायला दिला. या सौदी बाई. १९८० मध्ये त्यांनी दाखवून दिलं की अरब समाजातल्या या दुधाच्या नात्याकडे अभ्यासकांनी लक्षच दिलं नव्हतं. आमच्या घरातली साधी गोष्ट मोठ्या अभ्यासाचा विषय असू शकते, हे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना समजलं. दूधबहिणीला फोन करून हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग माझं नाव कागदावर आहे ना? रेघ तुटकी का असेना."

पण खरी परीक्षा पुढे होती. वरच्या पातळीवरच्या मुलांना स्वतः क्षेत्रकार्य करावं लागतं. म्हणजे एक प्रश्न घ्यायचा, आधी आराखडा लिहायचा, लोकांमध्ये जाऊन बसायचं, बोलायचं, पाहायचं आणि मग अहवाल लिहायचा. नियम कडक. ज्यांच्याशी बोलायचं त्यांना कशासाठी ते सांगायचं, परवानगी घ्यायची, नावं बदलायची, कोणाचं नुकसान होता कामा नये. लेकीने पहिल्या वर्षानंतरची सुट्टी यासाठी धरली आणि विषय घेतला मेहर. प्रश्न साधा होता. निकाहनाम्यात लिहिलेली मेहर आमच्या गावातल्या बायकांच्या हातात कधी आणि कशी येते?

मला धस्स झालं. मेहर हा घरातल्या चार भिंतींतला विषय. पण तिला अडवावं असंही वाटेना. मेहर हा बायकोचा हक्क आहे, ती खुशीने द्यावी, हे कुराणात स्पष्ट आहे. जे लपवण्यासारखं नाही, ते विचारायला हरकत काय, असं मी स्वतःला समजावलं.

जुलैचा पाऊस, शेतं लावून झालेली, बायकांना दुपारी थोडी सवड. ती पडवीत नाहीतर चुलीजवळ जाऊन बसायची. परवानगीचा इंग्रजी कागद तिने पेटीतच ठेवला. सही करायला सांगितलं असतं तर निम्म्या बायका घाबरल्या असत्या. तोंडी विचारून वहीत नोंद केली तरी चालते, असं शिक्षिकेने सांगितलं होतं. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "हे सरकारी काम आहे का गो?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बस. आधी भाकरी खा."

तिने चौदा बायकांशी बातचीत केली. पाच जणींना मेहर हातात मिळाली होती. सहा जणींनी माफ केली होती. तीन जणींना आपली मेहर किती आहे तेच ठाऊक नव्हतं, कागद कुठे आहे तेही नाही. चौदा बायकांवरून साऱ्या समाजाबद्दल काही ठरवता येत नाही, हे तिने अहवालात स्वतःच लिहिलं. पण ऐकण्यासारखं खूप होतं.

निकाहनाम्यात दोन शब्द येतात, मुअज्जल आणि मुवज्जल. पहिला म्हणजे तत्काळ द्यायची, दुसरा म्हणजे नंतर द्यायची. उच्चार इतके जवळचे की बऱ्याच बायकांना ते एकच वाटत होते. काहींना निकाहात चढवलेले दागिने हीच मेहर वाटत होती, तर त्यांच्याच घरचे पुरुष म्हणत होते की दागिने वेगळे आणि मेहर वेगळी. माफ केलेल्या सहांपैकी चौघींनी ती नवऱ्याच्या मय्यतीच्या दिवशी केली होती. जनाजा उचलण्याआधी कोणीतरी वयस्क बाई कानाशी येते आणि सांगते, माफ कर म्हणजे त्याची सुटका होईल. लेकीने एकीला विचारलं, "तुम्हाला कोणी विचारलं का, माफ करायचीय की नाही?" ती म्हणाली, "विचारत नाहीत बेटा, सांगतात. आणि त्या वेळी कोण नाही म्हणणार?" दडपणाखाली दिलेली माफी खुशीची कशी म्हणायची, हा प्रश्न आमच्या घरी नंतर कित्येक रात्री चालला.

सगळ्याच कहाण्या अशा नव्हत्या. एका म्हाताऱ्या बाईंना निकाहाच्या मजलिशीतच रोख मेहर मिळाली होती. त्यातून त्यांनी म्हैस घेतली, दुधाचा हिशेब स्वतः ठेवला आणि पुढे मुलाच्या आखाताच्या तिकिटाला त्यातलेच पैसे लावले. त्यांनी हे सांगताना पदर सावरून ताठ बसून सांगितलं. लेक म्हणाली की लीला अबू-लुघोद नावाच्या अभ्यासक इजिप्तमधल्या बदू बायकांबरोबर राहिल्या आणि मुस्लिम बायकांना वाचवायला निघालेल्या जगाला त्यांनी विचारलं की आधी त्यांचं ऐकलंत का? ते वाचलं होतं, पण म्हशीची गोष्ट ऐकल्यावर जास्त समजलं.

माझी मेहर तिने मोजली नाही. आईची मुलाखत घेणं बरं दिसणार नाही, म्हणाली. मी मात्र तिला सांगितलं. माझी मेहर पाच हजार एक रुपये होती. यांनी मस्कतच्या पहिल्या पगारातून ती पाठवली आणि मी शिलाई मशीन घेतलं. सासरी सगळ्यांना वाटलं, नवऱ्याने हौसेने मशीन दिलं. मी कधी खुलासा केला नाही. ज्या घरात बाकीच्यांना मिळाली नाही, तिथे मला मिळाली असं सांगणं म्हणजे मिरवणं झालं असतं. लेक विचारात पडली. न दिलेली मेहर लपते हे तिला माहीत होतं, पण दिलेलीही लपते हे तिला नवीन होतं.

आणि मग ती एक बाई. कोण ते मी इथे लिहिणार नाही, तिने काय सांगितलं तेही नाही. तिला विचारूनच एवढं लिहिते. ती दीड तास बोलली. इतक्या वर्षांत माझ्याशीही ती त्याबद्दल बोलली नव्हती. लेकीची वही भरली. रात्री ती मला म्हणाली, "अम्मी, माझा अहवाल यावरच उभा राहणार." दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस चालू असताना ती बाई छत्री घेऊन आली आणि पायरीवरूनच म्हणाली, "काल बोलले ते नको लिहू गो. नाव बदललंस तरी गावात ओळखतील."

लेकीने तिच्यासमोर वहीची ती पानं काढली आणि तिच्या हातात दिली. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं, कारण अहवालाचा कणाच गेला होता. दोन दिवस ती गप्प होती. शिक्षिकेला कळवलं तेव्हा त्यांनी लिहिलं की बरोबर केलंस, आता या नकाराबद्दल विचार कर. नात म्हणून बायकांनी तिला काय सांगितलं, नात म्हणूनच काय सांगितलं नाही, आणि दूरच्या परीक्षकासाठी लिहिताना जवळच्या माणसाचं काय होतं, हा भाग तिने अहवालात लिहिला. तो सगळ्यात चांगला उतरला, असं मला वाटतं. विषयात तिला सातपैकी सहा मिळाले. घरी मिठाई आली.

पुढच्या हिवाळ्यात त्याच बाईच्या मुलाचा निकाह होता. आम्ही गावी गेलो होतो. निकाहनामा लिहिताना वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी सवयीने म्हणालं, "मुवज्जल लिहा, नंतर बघू." पडद्याच्या आतून तिचा आवाज आला, "नाही. मुअज्जल. मुलीच्या हातात आधी, सह्या मागाहून." क्षणभर कोणी काही बोललं नाही. मुलाने खिशातून पाकीट आणि सोन्याची अंगठी काढली. त्याच्या आईने ते आधीच तयार ठेवलं होतं. काझीसाहेब म्हणाले, "हीच तर खरी रीत." लेक माझ्या शेजारी बसली होती. तिने वही आणली नव्हती.

ज्यांच्या घरी मुलंमुली दहावी-बारावीला आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. आयबी महाग आहे आणि सगळीकडे नाही. पण महाराष्ट्र बोर्डाच्या कला शाखेत अकरावी-बारावीला समाजशास्त्र आहे. त्यात कुटुंब, विवाह, नातेसंबंध हे विषय येतात. चांगला शिक्षक मिळाला तर हाच मार्ग तिथूनही निघतो. पुढे पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे, दिल्ली विद्यापीठातही आहे. काही ठिकाणी पदवी विज्ञान शाखेत येते आणि बारावीला जीवशास्त्र लागतं, म्हणून अटी आधी पाहाव्यात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. सरकारची मानवशास्त्रीय सर्वेक्षण संस्था १९४५ पासून काम करते. दवाखाने, आरोग्य योजना, संग्रहालयं, स्वयंसेवी संस्था यांना माणसांत बसून ऐकणारी माणसं लागतात. मामूंच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की नोकरी आहे, पण ती शोधावी लागते आणि मेहनत कमी नाही.

पदवी घ्यायची नसली तरी घराचा तक्ता कोणीही काढू शकतं. या सुट्टीत मुलांना दादी-नानीजवळ बसवा, कागद-पेन्सिल द्या. कोण कोणाचं कोण, कोण कुठून आलं, कोणाचं दूध कोण प्यालं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही आणि त्या गेल्या की कोणालाच ठाऊक असणार नाही. मेहरबद्दलही विचारा. सांगतील तेवढं अदबीने ऐका, आणि लिहू नको म्हणाल्या तर पान काढून त्यांच्या हातात द्या.